आमच्या घराचा इतिहास : प्रकल्प नोंदी (मंगळवेढा तालुका, डिसेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५)

३० डिसेंबर २०२४, सोमवार, वेळ अमावस्या

आजपासून नोंदी सुरू. काम काय ते आधी लिहून ठेवते. आमच्या घराची वंशावळ जितकी मागं जाईल तितकी लावायची, आणि नुसती नावं नाही तर कोण काय करायचं, काय खायचं, कुठून आलं, कुठं गेलं हे पण. आज सगळी भावकी शेतात होती, कडब्याची कोप केली होती, आंबील, भज्जी, उंडे, पाचशे माणसाला पुरेल एवढं, आणि जेवणं झाल्यावर नानांनी (धाकटे चुलते नव्हेत, मधले) स्वतःच विषय काढला की आता सांगणारी माणसं किती राहिली, आत्ती आहे, तुझी आई आहे, संपलं. मग सगळ्यांसमोर ठरलं की मी लिहायचं, चुलतभावानं कागदपत्रं काढायची.

एक अट नानांनी घातली आणि मला ती पटली. नावं आणि गाव बाहेर जाणार नाही. घरच्या फाईलीत सगळी नावं असतील, या नोंदीत फक्त नाती. म्हणून इथं आजोबा म्हणजे आजोबा, पणजी म्हणजे पणजी.

गाव दक्षिण मंगळवेढ्यातलं, कर्नाटकची हद्द जवळ. काळी जमीन, पाण्याचा भरवसा नाही, ज्वारीचा मात्र पक्का भरवसा.

१९ जानेवारी २०२५

ट्रंक उघडली. आजोबांची लोखंडी ट्रंक माळवदावरच्या खोलीत होती, किल्ली हरवलेली, भावानं कडीच कापली. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीची पासबुकं, दोन पंचांगं, एक मोडीतला कागद चौघडी घालून कापडात गुंडाळलेला, आणि सातबाऱ्याच्या जुन्या हाती लिहिलेल्या नकला.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, सातात जमीन कुणाची आणि बारात पीक काय. आम्हाला दोन्ही पाहिजेत. सातावरून माणसं कळतात आणि बारावरून घरात काय शिजत होतं ते कळतं. १९६० च्या सुमाराची नक्कल बघितली तर त्यात ज्वारी, करडई, हरभरा, थोडी जवस, आणि एका तुकड्यावर नुसतं पड. आज त्याच जमिनीत एक भाग डाळिंब आहे आणि करडई कुणी पेरत नाही. करडईचं तेल घरचं असायचं, बैलघाण्यावर काढून आणायचे, हे आई सहज बोलून गेली आणि मी लगेच लिहून घेतलं.

सातबाऱ्यावर कडेला फेरफार नंबर असतात, त्या नंबरांवरून गाव नमुना ६ मध्ये जायचं, तिथं प्रत्येक बदल का झाला ते लिहिलेलं असतं, खरेदी, वाटणी, वारस. एक एक पायरी मागं जायचं. पण मध्ये जमिनींचं एकत्रीकरण (तुकडे एकत्र करून नवे गट पाडणं) झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळं जुना कागद आणि नवा उतारा सरळ जुळत नाही, त्यासाठी ९(३) ९(४) चा उतारा काढावा लागतो, कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात आहे. भावानं अर्ज दिलाय.

अजून एक लक्षात ठेवायचं. मंगळवेढा १९४८ पर्यंत सोलापूर जिल्ह्यात नव्हता, पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. म्हणजे त्याआधीचा कागद शोधताना संस्थानाच्या दप्तराचा विचार करायचा, इंग्रजी सोलापूरच्या दप्तराचा नाही.

१६ फेब्रुवारी

ज्वारी काढणी चालू आहे म्हणून चार दिवस सुट्टी काढून आले. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, ओळीनं बसून, हाताला चिरा पडतात, मग पेंढ्या बांधायच्या आणि बुचाड लावायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी, पाण्याशिवाय येते, हस्ताच्या आगंमागं पेरली की काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर काढणीपर्यंत जाते. पण यावर्षी काढायला माणूसच मिळत नाही, मजूर ऊसतोडीला नाहीतर डाळिंबाला, त्यामुळं नानांनी पुढच्या वर्षी निम्मी ज्वारी कमी करायची म्हणून ठरवलंय. हे पण इतिहासातच धरायचं असं मी ठरवलं, पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की ज्वारी का गेली तर उत्तर लिहिलेलं असावं.

संध्याकाळी आत्तीला बसवलं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आता माहेरीच असते पोटाच्या ऑपरेशननंतर. तिला मी प्रश्न विचारले तर ती गप्प होते, नुसतं "काय सांगू बाय, कामच करत होतो" म्हणते, पण तिच्यासमोर खळ्याचा विषय काढला की थांबत नाही. मळणीला मधे तिवडा रोवायचा, त्याला पात लावायची, सहा बैल गोल फिरायचे, कातरवेळेपर्यंत, मग वारं सुटलं की वावडीवर उभं राहून उफणायचं, वारं नसेल तर दोन दोन दिवस खळ्यावरच मुक्काम. रास झाली की आधी देवाचं, मग बलुतेदारांचं, मग राहिलेलं घरात. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, मांग, महार सगळ्यांचं बलुतं खळ्यावरच मोजून दिलं जायचं, पायलीनं. कुणाला राशीतलं आणि कुणाला मातेऱ्यातलं मिळायचं हे पण तिनं सांगितलं, खालचा आवाज करून. मी ते तसंच लिहिलंय. आमचं घर त्यात देणाऱ्याच्या बाजूला होतं आणि हे गाळून घराचा इतिहास लिहिला तर तो खोटा होईल.

पेवाचं पण सांगितलं. वाड्याच्या पुढच्या अंगणात पेव होतं, तोंड अरुंद, खाली पोट मोठं, आतून मातीनं लिंपलेलं, तळाला आणि कडेला कडबा, ज्वारी भरून वर दगड आणि माती. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत गॅस धरतो (आत्ती "धाप" म्हणाली), आधी कंदील दोरीनं सोडायचा, विझला तर त्या दिवशी नाही. तिच्या लहानपणी शेजारच्या आळीत एक गडी घाईनं उतरला तो वर आलाच नाही. पेवातली ज्वारी पिवळी पडायची, वास यायचा, पण दुष्काळात तीच घर तारायची. आता त्या जागेवर शहाबादी फरशी आहे.

९ मार्च

हेळवी आले!! भावानं दुपारी फोन केला, मी रात्रीच्या गाडीनं निघाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेळवी म्हणजे कुळाची वही ठेवणारे लोक, कर्नाटकातून येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता हे मोटारसायकलवर आले होते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात शेतकरी घरांमध्ये काही काही वर्षांनी येतात, दारात बसून घराचं कूळ, मूळ गाव, कोणाचा कोण सगळं म्हणून दाखवतात, नवीन जन्मलेली मुलं लिहून घेतात, मग त्यांना ज्वारी, कपडा, पैसे द्यायचे. आमच्या घरी याआधी आले तेव्हा मी कॉलेजला होते आणि बाहेर पण आले नव्हते.

वही कानडीत. त्यांनी वाचून मराठीत सांगितलं, मी रेकॉर्ड केलं आणि पानांचे फोटो घेऊ का विचारलं, ते नाही म्हणाले, वही त्यांची भाकरी आहे, ते बरोबरच आहे, मी परत विचारलं नाही.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं की आमचे लोक मूळचे भीमेकाठचे, तिथून "धात्याच्या दुष्काळात" उठले आणि इकडं आले, दोघं भाऊ, एकाचा वंश इथं, दुसरा पुढं विजापूरकडं गेला. धात्याचा दुष्काळ कुठला हे घरात कुणाला सांगता येईना. रात्री पंचांग घेऊन बसले. धाता हे साठ संवत्सरांपैकी दहावं. साठ वर्षांनी परत येतं. शके १७९८ ला धाता होतं म्हणजे इसवी सन १८७६, आणि त्यानंतर शके १८५८ ला म्हणजे १९३६. १९३६ ला तर आजोबा इथंच जमीन कसत होते, म्हणजे १८७६ च. आणि १८७६ ते ७८ चा दुष्काळ म्हणजे दख्खनमधला मोठा दुष्काळ, सोलापूर, विजापूर भाग उजाड झाला होता. हेळव्यांनी एका शब्दात वर्ष सांगितलं आणि ते पक्कं बसलं. दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली ती कथा आमच्याकडं पोरासोरांना पाठ असते, पण आपलं स्वतःचं घर एका दुष्काळानं इथं आणून टाकलंय हे कुणाला माहीत नव्हतं. आम्ही इथलेच, असंच सगळे समजून होतो.

दुसरी गोष्ट. वहीत बायकांची नावं जवळजवळ नाहीत, कुठल्या गावची लेक एवढंच कुठं कुठं. पणजोबांच्या पुढं त्यांनी वाचलं, "दोन बायका, पहिली जतकडची, तिचा एक मुलगा." तो एक मुलगा म्हणजे आमचे आजोबा.

हे ऐकून आत्ती आतून बाहेर आली. ती म्हणाली, "व्हय, दादांची आई मानमोडीत गेली. आमी बघितली ती दुसरी, तिनंच दादांना वाढीवलं." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, तेव्हा आजोबा चार वर्षांचे असतील नसतील. मी विचारलं पहिलीचं नाव काय. आत्तीला माहीत नाही. नानांना नाही. पण म्हाळात अविधवा नवमीला आमच्या घरी दरवर्षी एक सवाष्ण जेवायला असते, मी लहानपणापासून बघतेय, आणि ती जिच्यासाठी जेवते तिचं नाव घरात एकालाही माहीत नाही.

आता मला हेच आधी शोधायचंय. बाकीचं नंतर.

२३ मार्च

मोडीचा कागद सोलापुरातल्या एका जाणकार गृहस्थांकडून वाचून घेतला. २०२३ पासून कुणबी नोंदींचं शोधकाम सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडं रांग असते, तरी त्यांनी वेळ दिला. गहाणखत आहे, बैलजोडी आणि बी घेण्यासाठी रान गहाण टाकल्याचं, पणजोबांच्या नावचं. साक्षीदारांची नावं, चतुःसीमा, ओढा, बांधावरची बाभळ सुद्धा लिहिलीय. उपयोगाचा आहे पण पणजीबद्दल काही नाही, असणार पण नाही.

२९ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी

सापडलं. म्हणजे नाव नाही, पण धागा.

पाडव्यासाठी माळवदावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढली घासायला. आई आणि वहिनी चिंच लावून घासत होत्या आणि मी सहज म्हणाले की यावर नावं असतात ना. आमच्याकडं लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, साल ठोकून घ्यायची पद्धत. मग काय, अंगणात सगळी ओळीनं मांडली. घागर, कळश्या, घंगाळ, परात, तपेली, चरव्या, तांबे. प्रत्येकावर कोण ना कोण. आईच्या लग्नातल्या परातीवर तिच्या मामाचं नाव आहे हे तिलाच माहीत नव्हतं, कारण परात लग्नापासून फळीवरच होती आणि ती वाचायला शिकली नव्हती तेव्हा.

अक्षरं झिजलेली असली तर करायची युक्ती लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. भांडं कोरडं करायचं, अक्षरांवर तांदळाची पिठी बोटानं चोळायची, वरची फुंकून टाकायची, ठोक्याच्या खळग्यात राहिलेली पांढरी दिसते. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरायचा आणि दुसऱ्या मोबाईलनं फोटो. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही.

तांब्याच्या एका घागरीच्या गळ्याखाली असं निघालं: एका माणसाचं नाव, बिन, त्याच्या बापाचं नाव, मौजे अमुक, जत, शके १८३२. म्हणजे १९१०-११. जतकडची! आणि बहिणीच्या लग्नात घागर द्यायचा मान भावाचा. गाव जत तालुक्यातलं, आजही त्याच नावाचं आहे. तेव्हा जत डफळ्यांचं वेगळं संस्थान, म्हणजे पणजी एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात नांदायला आली होती, बैलगाडीनं, ही घागर घेऊन.

आई म्हणाली अशी अजून भांडी होती, स्टीलची फॅशन आली तेव्हा बरीच मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले. किती घरातली किती नावं अशी वितळून गेली असतील. हे वाचणाऱ्यांना एकच विनंती, मोडीत देण्याआधी निदान फोटो काढा.

२० एप्रिल

मधेच सरकारी कामानं आमच्या कामाला धक्का दिला. १ एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम चालू आहे, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. धाकटे चुलते २०२३ ला गेले, त्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर होतं. भाऊसाहेबांनी (तलाठी, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात भाऊसाहेबच) वारसांची यादी मागितली आणि आमची वंशावळ तयारच होती.

यादीत काकू, त्यांचा मुलगा, दोन मुली. गावात पद्धत अशी की मुलींची नावं लावतात आणि लगेच हक्कसोडपत्र करून काढतात, नाहीतर आधीच "कशाला लावायची" म्हणून विषय मिटवतात. यावर घरात बोलणं झालं, जोरात झालं. कायद्यात घोळ काही नाही, १९५६ चा वारसा कायदा आहेच आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाएवढाच. पण घरात कायदा कुणी काढत नाही, घरात माहेर काढतात.

मी आजोबांच्या वारसाचा १९८१ चा फेरफार दाखवला. त्यात वडील आणि दोघे चुलते कब्जेदार, आणि आत्ती व दुसरी आत्ती "इतर हक्क" मध्ये, म्हणजे मालकांत नाही. नंतर एक फेरफार, हक्कसोड, दोघींचे अंगठे. आत्ती तिथंच बसली होती. तिला मी विचारलं नव्हतं, तीच बोलली. "साडी घेतली, चोळी घेतली, अंगठा दिला. भावाचं दार उघडं ऱ्हावं म्हणून. दार उघडं ऱ्हायलं, न्हाई म्हणत न्हाई. पर इचारलं कुनी न्हाई, नुसतं बोट धरून शाईत बुडीवलं."

नाना उठून बाहेर गेले. रात्री जेवायच्या वेळी ते मला म्हणाले हे फाईलीत लिहू नको. मी म्हणाले नाना, बलुत्याचं लिहिलं, गहाणखताचं लिहिलं, मग हे का नको. ते काही बोलले नाहीत. लिहिलंय. काढणार नाही.

२७ मे

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस कुणीच बघितलेला नाही, मान्सून यंदा २५ मे लाच महाराष्ट्रात आला. माळवद गळलं. ट्रंकेतले कागद आधीच स्कॅन करून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले होते म्हणून वाचले.

बाहेर जाता येत नव्हतं म्हणून आईला बसवलं. बहात्तरबद्दल. आईचं लग्न १९७१ चं, म्हणजे नवी नवरी आणि दुष्काळ एकदमच. तिनं आजवर घरात हे कधी सांगितलं नव्हतं कारण पाटलाच्या बरोबरीनं वागणाऱ्या घरातल्या सुना खडी फोडायला गेल्या हे सासऱ्यांना आवडलं नसतं. पण गेल्या. सगळ्याच गेल्या. आधीची दोन वर्षं पण पीक नव्हतं, बहात्तरला तर पेरलंच नाही, बैल कवडीमोलानं विकले.

तिचं बोलणं रेकॉर्डिंगवरून जसंच्या तसं उतरवते: "तांबडं फुटायला निघायचं, डोक्यावर फडकं, हातात हातुडा. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा, माझं नाव घेतलं की मला लाज वाटायची, कारण घरात मला कुणी नावानं हाक मारतच नव्हतं, थोरली म्हणायचे. फोडलेल्या खडीचा ढीग मापायचे, ब्रासवर पैसे. हाताला फोड यायचे, फुटायचे, त्यावर परत हातुडा. दगडाची कपची डोळ्यात गेलेल्या बाया बघितल्या. सुकडी मिळायची ती लेकरांना. मिलो आणला तर भाकरी थापताना तुटायची, तांबडी, गळ्याखाली उतरायची नाही. तुझे आजोबा ताटावरनं उठायचे, म्हणायचे जनावराचं खाणं. मग मी हुलग्याचं माडगं करून द्यायची. पैसे माझ्या हातात मिळायचे पण, आठवड्याला. घरी आल्यावर सासूच्या हातात द्यायचे. एकदा मी त्यातनं बांगड्या भरल्या, हिरव्या, आणि कुणाला सांगितलं नाही."

मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. मालदांडी खाणाऱ्या माणसांना ती खावी लागली हे आमच्या भागात अजून सांगतात. आणि त्या दुष्काळी कामांमधूनच रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ ला झाला. आमच्या गावचा पाझर तलाव आणि तालुक्याकडं जाणारा रस्ता त्याच कामातला. आई म्हणाली रस्त्याच्या त्या वळणावरची खडी आमच्या गँगनं फोडलीय. मी त्या रस्त्यानं शाळेला जायचे, एसटीनं कॉलेजला जायचे, आणि हे मला पहिल्यांदा कळलं. रस्ता नकाशावर दाखवून फाईलीत लावायचा आणि त्यावर गँगमधल्या आईला आठवतील तेवढ्या बायकांची नावं लिहायची. आईनं तिथल्या तिथं बोटं मोजून सांगितली, मी लिहून घेतली.

१५ जून

जत तालुक्यात जाऊन आलो, मी, भाऊ आणि आत्ती. आत्तीला नेऊ नये असं सगळे म्हणत होते, ती ऐकली नाही. घागर गाडीत घेतली.

गावात घागरीवरच्या नावाचं घर विचारलं, आडनाव तेच होतं म्हणून सोपं गेलं. एका म्हाताऱ्या बाबांकडं नेलं, नव्वदीचे, ऐकायला कमी येतं, डोकं साफ. घागर पुढं ठेवली. त्यांच्या नातवानं नाव वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आमचा आजा." म्हणजे पणजीचा भाऊ हा त्यांचा आजोबा.

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या बाजूला कुणालाच माहीत नव्हतं. आजाची एक बहीण मंगळवेढ्याकडं दिली होती, मानमोडीत गेली, तिचं पोरगं आजानं इकडं आणलं होतं, दोन तीन सुग्या ते इथंच वाढलं आणि मग बाप येऊन घेऊन गेला. म्हणजे आमचे आजोबा. आत्ती एकदम म्हणाली की दादा कधी कधी कानडी शब्द बोलायचे, आम्हाला वाटायचं बाजारात शिकले असतील.

नाव विचारलं. बाबा म्हणाले आजानं बहीण गेल्यावर जी लेक झाली तिला बहिणीचंच नाव ठेवलं, ती म्हणजे यांची आत्या, ती यांनी बघितलेली, तिचं नाव यांना माहीत. त्यांनी नाव सांगितलं.

आत्तीनं ते दोनदा म्हणून बघितलं. मग ती आणि त्या घरातल्या बाया गळ्यात पडून रडल्या, शंभर वर्षांनी नातं लागलं. त्यांनी आत्तीची ओटी भरली. माहेरवाशीण म्हणून.

पुराव्याचं म्हणाल तर हे तोंडी आहे. वहीत "जतकडची", घागरीवर भाऊ आणि गाव, आणि बाबांची आठवण, तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकच निघतंय म्हणून मी खात्रीनं धरते, पण फाईलीत नावापुढं "तोंडी, भावाच्या नातवाकडून" असं लिहिलंय. हे माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडं नाव बदलतात, सासरचं नाव वेगळं असणार, ती जागा रिकामी ठेवलीय.

१९ जुलै

गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याच्या नकला भावाला मिळाल्या, १९४० नंतरच्या. मोडीत आहेत. आत्तीचा जन्म सापडला, १९४४, फेब्रुवारी. आधारवर तिचा जन्म १ जून. वडिलांचा १ जून, नानांचा १ जून, गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे, आणि आत्ती तर शाळेत गेलीच नाही, तिला पुढं कुणीतरी कागद करताना लावून दिली. रजिस्टरात तिचं नाव नाही. बापाचं नाव, जात, आणि पुढं "मुलगी". तिला खरी तारीख सांगितली तर तिनं विचारलं, "मंग थंडीत जन्मले म्हन की." तिला तेच महत्त्वाचं वाटलं.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

सवाष्ण म्हणून यावेळी जतहून बाबांची नातसून आली, नानांनी स्वतः फोन करून बोलावलं. जंगमांना नानांनी आधीच चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं. भात, आमटी, कढी, वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी, नेहमीचंच. पान वाढताना नाव घेतलं गेलं.

फाईलीचा तक्ता भिंतीवर लावला होता, बायकांसकट. प्रत्येक बाईला दोन नावं, माहेरचं आणि सासरचं, आणि गाव. तक्ता पुरुषांच्या तक्त्यापेक्षा तिप्पट रुंद झालाय. जेवायला आलेली पावणी मंडळी त्यापुढून हलत नव्हती, ही तर आमच्या गावची, ही तर माझ्या मावशीच्या नणंदेची, असं चाललं होतं आणि त्यात मला सात नवीन नावं मिळाली.

५ ऑक्टोबर

सप्टेंबरअखेर सोलापूर जिल्ह्यात सीनेला पूर आला, आमच्याकडं पूर नाही पण रान चिबडलंय, वाफसा यायचाय, हस्त निघून चाललं तरी पेर नाही. नाना म्हणतात ज्वारी यंदा उशिरा होणार.

धाकट्या चुलत्यांच्या वारसाचा फेरफार नोटिशीचे पंधरा दिवस होऊन मंजूर झाला होता तो मधे राहिला लिहायचा. काकू, मुलगा, दोन्ही मुली, चारही नावं कब्जेदार म्हणून लागली, इतर हक्कात नाही. थोरल्या चुलतबहिणीनं स्पष्ट सांगितलं की मी हक्कसोड करणार नाही आणि भावाशी भांडण पण करणार नाही, रान त्यानंच कसावं, पण नाव राहू दे. तिचा भाऊ आठ दिवस बोलत नव्हता, आता बोलतो. नवा उतारा फाईलीत १९८१ च्या फेरफाराच्या शेजारच्या पानावर लावला.

राहिलेली कामं: पणजीचं सासरचं नाव. विजापूरकडं गेलेल्या दुसऱ्या भावाचा वंश, त्यासाठी हेळव्यांना परत गाठायचं, त्यांचा मोबाईल नंबर घेतलाय. आत्तीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या, तिला पहाटेच आठवतात म्हणते, तर पहाटे उठायचं. आईच्या गँगमधल्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्याकडं जायचं, दिवाळीच्या सुट्टीत.